इरावती कर्वे : कवट्या मोजून बर्लिनच्या प्रोफेसरचा सिद्धांत खोडणारी बाई, आपल्या फलटण-कोयनेशीही जुनं नातं

लोणंद : आपल्या भागात मेंढरं राखणाऱ्या माणसाला वंश म्हणजे काय, हे शाळेत जाऊन शिकावं लागत नाही. मेंढा विकत घेताना तो त्याच्या आईची चौकशी करतो. तिला दूध किती होतं, जुळी कोकरं द्यायची का, चालायला दमदार होती का, हे सगळं विचारतो. दख्खनी मेंढीचा लोणंद प्रकार म्हणून आपल्या गावाचं नाव शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांतही गेलेलं आहे.

पण हाच हिशोब माणसांना लावला की घोटाळा सुरू होतो. अमक्या जातीच्या रक्तातच हुशारी, तमक्यांच्या रक्तातच आळस, असले मेसेज मोबाइलवर रोज फिरतात. त्याला आता डीएनए हा नवा शब्दही जोडला जातो. वाचणाऱ्याला वाटतं, विज्ञानच सांगतंय तर खरं असणार.

हा दावा खरा की खोटा, हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका मराठी बाईनं थेट बर्लिनमध्ये, हातात कवट्या घेऊन तपासलं होतं. त्यांचं नाव डॉ. इरावती कर्वे. पुस्तकं वाचणाऱ्यांना त्या युगान्तच्या लेखिका म्हणून माहीत आहेत. पण माणसाच्या शरीराचा आणि वारशाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक म्हणून त्यांची ओळख खेड्यापाड्यांत फारशी पोचली नाही. त्यांना जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली. त्यांच्या कामाचा एक मोठा भाग आपल्याच सातारा जिल्ह्यात झालेला आहे, म्हणून ही माहिती.

ब्रह्मदेशात जन्म, पुण्यात शाळा

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, मिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथं इंजिनिअर होते. त्या देशातल्या मोठ्या नदीचं नाव इरावती, तेच मुलीला ठेवलं.

सातव्या वर्षी त्यांना शिकायला पुण्याला पाठवलं. मुलींची हुजूरपागा शाळा त्या वेळी नावाजलेली होती. तिथं त्यांची मैत्री झाली शकुंतला परांजपे यांच्याशी. शकुंतलाबाईंचे वडील म्हणजे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे. त्या घरानं या मुलीला आपल्यातच सामावून घेतलं. आईवडील समुद्रापलीकडे आणि मुलगी परक्या घरी, पण घर असं की जिथं पुस्तकांना आणि वादविवादाला तोटा नव्हता.

१९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या. पुढे मुंबईला डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकून १९२८ मध्ये एम.ए. केलं. याच काळात त्यांचं लग्न दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झालं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, जर्मनीत शिकून आलेले आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव.

सासरा महर्षी, तरी परदेशाला नकार

विधवांसाठी आश्रम काढणारा, बायकांसाठी विद्यापीठ काढणारा सासरा. अशा घरात सुनेला शिकायला अडचण येणार नाही, असंच कुणालाही वाटेल. पण सुनेनं डॉक्टरेट करायला जर्मनीला जावं, हे महर्षींना पटलं नाही.

दिनकरराव मात्र बायकोच्या पाठीशी उभे राहिले. पैशांची सोय कर्जातून झाली. ते कर्ज दिलं काँग्रेसचे कार्यकर्ते डॉ. जीवराज मेहता यांनी. हेच मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९२८ साली, वयाच्या तेविशीत, ही पोरगी बोटीनं युरोपला निघाली. त्या काळी आपल्याकडे बहुतेक गावांत मुलींसाठी चौथीपर्यंतची शाळासुद्धा नव्हती, हे लक्षात घेतलं म्हणजे या प्रवासाची किंमत कळते.

कवट्यांचा हिशोब

बर्लिनमध्ये त्यांनी ज्या संस्थेत प्रवेश घेतला, ती वर्षभरापूर्वीच म्हणजे १९२७ मध्ये उघडली होती. कैसर विल्हेल्म संस्था. माणसाची शरीररचना, आनुवंशिकता आणि वंशसुधार हे तिचे विषय. प्रमुख होते प्रोफेसर ऑयगेन फिशर. त्यांचं नाव तेव्हा जगभर होतं.

फिशर यांची पक्की समजूत होती की माणसांचे वंश वरचे आणि खालचे असतात आणि गोरे युरोपीय लोक बुद्धीनं वरचढ असतात. ही गोष्ट हाडांतही दिसेल, असं त्यांना वाटत होतं. आपली कवटी डाव्या आणि उजव्या बाजूला अगदी सारखी नसते, थोडा फरक असतो. गोऱ्यांचा मेंदू जास्त विचार करणारा, म्हणून त्यांच्या कवटीतला हा फरक वेगळा आणि मोठा असणार, असा त्यांचा अंदाज. तो सिद्ध करण्याचं काम त्यांनी या हिंदुस्थानी विद्यार्थिनीला दिलं.

संस्थेत कवट्यांचा साठा होता. त्यात युरोपातल्या होत्या, तशा आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. इरावतीबाईंनी जवळजवळ दीडशे कवट्या हातात घेतल्या आणि एकेकीची मापं घेतली. डाव्या बाजूचं माप, उजव्या बाजूचं माप, दोन्हींतला फरक. हे काम किचकट. एक रेघ चुकली की निष्कर्ष बदलतो.

सगळे आकडे मांडून झाल्यावर उत्तर स्पष्ट होतं. डाव्या-उजव्यातला फरक सगळ्याच कवट्यांत होता. गोऱ्यांत होता, काळ्यांत होता. त्याचा वंशाशी संबंध लागत नव्हता.

आता खरी परीक्षा होती. पदवी द्यायची की नाही, हे फिशर यांच्या हातात. परका देश, डोक्यावर कर्ज, घरी सासऱ्यांची नाराजी पत्करून आलेलं. आकडे थोडे इकडेतिकडे करून प्रोफेसरांना हवं ते लिहिणं सोपं होतं. इरावतीबाईंनी जे मोजलं तेच लिहिलं. प्रबंध मान्य झाला, पण फिशर यांनी मार्क कमी दिले. १९३० मध्ये त्या डॉक्टर होऊन परतल्या.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. फिशर त्याच वर्षी बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि नाझींच्या वंशाच्या राजकारणाला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत त्यांचं नाव आलं. मिश्र रक्ताची म्हणून माणसांची जबरदस्तीनं नसबंदी झाली. लाखो ज्यू मारले गेले. ज्या समजुतीला इरावतीबाईंच्या आकड्यांनी आधार दिला नाही, त्याच समजुतीवर हे सगळं उभं होतं. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधानं ते थांबलं नाही, थांबणारही नव्हतं. पण तपासून बघितलं तर पुरावा सापडत नाही, हे त्याच संस्थेत आधीच नोंदलं गेलं होतं, एवढं मात्र खरं.

नोकरी, संसार आणि स्कूटर

परत आल्यावर काही वर्षं त्यांनी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केलं. फायली आणि हिशोब यांत त्यांचं मन रमलं नाही. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं आणि इरावतीबाई तिथं समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. मग मरेपर्यंत तीच त्यांची कर्मभूमी. पुरातत्त्वाचे मोठे अभ्यासक डॉ. ह. धी. सांकलिया त्यांचे सहकारी. गुजरातमधल्या लांघणज इथं उत्खननात अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे निघाले, त्या कामातही इरावतीबाई होत्या.

घरी जाई, आनंद आणि गौरी अशी तीन मुलं. गौरी म्हणजे पुढे लेखिका म्हणून गाजलेल्या गौरी देशपांडे. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. इरावतीबाई मंगळसूत्र घालत नसत, कुंकू लावत नसत आणि नवऱ्याला नावानं हाक मारत. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणूनही त्यांचं नाव घेतलं जातं. लोक काय म्हणतील याचा त्यांनी फार विचार केला नाही. काम मात्र चोख ठेवलं.

गावोगाव हिंडून मापं

देशात परतल्यावर त्यांनी प्रश्न घेतला तो आपल्याच समाजाचा. जात म्हणजे नक्की काय? एका जातीची माणसं शरीरानं, वारशानं एक असतात का?

उत्तर शोधायला त्या खेड्यांत, डोंगरांत, जंगलात हिंडल्या. सोबत लांबीरुंदी मोजायची हत्यारं, वह्या आणि एखाददुसरा विद्यार्थी. महाराष्ट्र, कर्नाटक, ओरिसा असा मोठा मुलूख त्यांनी पायाखाली घातला. उंची, डोक्याची लांबीरुंदी, नाकाची रुंदी अशी हजारो माणसांची मापं घेतली. रक्तगटही तपासले. मिळेल त्या वाहनानं जायचं, मिळेल तिथं मुक्काम करायचा. परकी बाई गावात येऊन डोकं मोजतेय म्हटल्यावर लोक बिचकणारच. त्यांच्याशी बोलून, विश्वास मिळवून मग काम.

१९५१ मध्ये महाराष्ट्रातल्या मापांचा ग्रंथ निघाला. आकड्यांचं शास्त्र सांभाळायला सोबत होते वि. म. दांडेकर. गरिबीचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ म्हणून पुढे देशभर गाजलेले दांडेकर साताऱ्यात जन्मलेले, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे.

कुंभाराची दोन चाकं

इरावतीबाईंचा जातीबद्दलचा निष्कर्ष समजून घ्यायला कुंभाराचं उदाहरण सोपं पडतं. आपण म्हणतो कुंभार ही एक जात. पण महाराष्ट्रात थोरचाके कुंभार वेगळे आणि लहानचाके वेगळे. एकाचं चाक मोठं, दुसऱ्याचं लहान. धंदा एक, पण पिढ्यान् पिढ्या रोटीबेटी नाही.

त्या काळच्या अनेक अभ्यासकांचं मत असं होतं की आधी एक मोठी जात होती आणि नंतर तिचे तुकडे पडले. घुर्ये यांचंही मत साधारण असंच. इरावतीबाईंनी उलटं मांडलं. आपसात लग्न करणारे छोटे छोटे गट आधीपासून वेगवेगळे होते. ते निरनिराळ्या ठिकाणांहून आले, एकच धंदा करू लागले आणि गावानं त्यांना एक नाव दिलं. वरून नाव एक, आतून गट अनेक. ज्यांच्याकडे शिकल्या त्या गुरूच्या मतालाही त्यांनी पुराव्याच्या जोरावर बाजूला ठेवलं. बर्लिनमध्ये जे केलं तेच इथंही.

ब्राह्मणांनाही त्यांनी यातून सोडलं नाही. कैलाश मल्होत्रा या तरुण संशोधकाबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ अशा आठ गटांची शारीरिक तुलना केली. १९६८ मध्ये ती जागतिक पातळीवरच्या मासिकात छापून आली. दर्जा एकच मानला जाणारे हे गटसुद्धा शरीराच्या मापांत एकसारखे नव्हते. जातीचं नाव आणि रक्ताचा वारसा या गोष्टी एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, हे त्यातून पुढे आलं. मल्होत्रा यांनी नंतर महाराष्ट्रातल्या धनगर समाजाच्या गटांचाही मोठा अभ्यास केला.

मामाची मुलगी चालते, आत्याची का नाही?

१९५३ मध्ये त्यांचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ आला. योगायोग असा की डीएनएची रचना जगाला कळली तीही त्याच वर्षी.

या ग्रंथात त्यांनी देशाचे चार भाग पाडले आणि कुठं कुणाशी लग्न चालतं, कुठं चालत नाही, हे मांडलं. उत्तर हिंदुस्थानात नात्यात लग्न नाही, मुलगी लांबच्या गावात द्यायची. दक्षिणेत मामा, आत्या यांच्या घरांत लग्नं सर्रास. आपला महाराष्ट्र दोन्हींच्या मध्ये. आपल्याकडे अनेक जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात, आत्याच्या मुलीशी मात्र बहुतेक ठिकाणी लग्न करत नाहीत. लग्नाच्या बैठकीत आपण ज्या गोष्टी सहज बोलतो, त्यांतून या बाईंनी अख्ख्या देशाचा नकाशा काढला.

याचा आजच्या आरोग्याशीही संबंध आहे. सख्ख्या मामाची मुलगी आणि भाचा यांच्यात सरासरी आठवा हिस्सा वारसा सारखा असतो. त्यामुळे घराण्यात एखाद्या आजाराचं जनुक लपलेलं असलं, तर ते आई आणि बाप दोघांकडूनही बाळाला मिळण्याची शक्यता वाढते. प्रत्येक अशा लग्नात दोष निघतोच असं नाही. पण घरात आधी असा आजार दिसला असेल, तर लग्नाआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

माउलींच्या वाटेवर

दरवर्षी ज्ञानोबा माउलींची पालखी नीरेला स्नान करून लोणंदला मुक्कामाला येते आणि पुढे तरडगाव, फलटणकडे जाते. त्याच वारीत इरावतीबाई दिंडीबरोबर चालल्या आणि त्यावर त्यांनी वाटचाल हा लेख लिहिला. त्याचं इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये परदेशातल्या नामांकित मासिकात आलं. पंढरीची वारी म्हणजे काय, हे जगातल्या अनेक अभ्यासकांना पहिल्यांदा त्या लेखातून कळलं.

चालताना त्यांना माणसांचं प्रेम मिळालं, अभंगांची गोडी लागली. महाराष्ट्र कुठपर्यंत, तर जिथली माणसं पंढरीला जातात तिथपर्यंत, असा अर्थ त्यांना त्या वाटेवर सापडला.

पण डोळे त्यांनी उघडे ठेवले होते. एकाच दिंडीत, एकाच तालावर नाचणारी माणसं जेवायला बसताना मात्र ब्राह्मण वेगळे आणि मराठे वेगळे. चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. ही गोष्ट त्यांना रोज सलत राहिली. त्या स्वतः मराठा बायकांबरोबर जेवल्या. कवट्यांत जो भेद सापडला नाही, तो पंगतीत रोज पाळला जात होता.

फलटण आणि कोयना

इरावतीबाईंचं आपल्या भागाशी नातं घरचंही होतं आणि कामाचंही. थोरली लेक जाई निंबकरांच्या घरात फलटणला दिलेली.

१९६५ मध्ये फलटण आणि भोवतालची खेडी यांच्यावरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाढणारं गाव आजूबाजूच्या खेड्यांना कसं बांधून घेतं, लोक कशासाठी गावात येतात, असे त्यातले प्रश्न. आठवड्याच्या बाजारांवरचा अभ्यास १९७० मध्ये आला. लोणंदसारख्या बाजाराच्या गावात वाढलेल्याला बाजार म्हणजे नुसती खरेदी-विक्री नव्हे, हे माहीत असतं. सोयरीक जुळते, निरोप पोचतात, भांडणं मिटतात. इरावतीबाईंनी ते शास्त्राचा विषय म्हणून मांडलं.

त्याहून महत्त्वाचं काम कोयनेचं. धरण झालं, वीज आली, राज्याचे कारखाने चालले. पण पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं कुठं गेली? हे विचारायला इरावतीबाई आणि लेक जाई निंबकर यांनी विस्थापितांची पाहणी केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये आला. जमिनीच्या बदल्यात काय मिळालं, नव्या जागी पाणी आहे का, भावकी एकत्र राहिली की पांगली, असं घराघरात जाऊन विचारलं. धरणग्रस्तांचा असा पद्धतशीर अभ्यास आपल्या देशात तेव्हा फारसा कुणी करत नव्हतं. कोयनेच्या पुनर्वसनाचे प्रश्न आजही पुरते मिटलेले नाहीत, म्हणून त्या अहवालाची किंमत आजही आहे.

लेखिका म्हणूनही मोठ्या

संशोधन करता करता त्या मराठीत लिहीत राहिल्या. परिपूर्ती, भोवरा, गंगाजल ही त्यांची ललित लेखनाची पुस्तकं. महाभारतातल्या माणसांवरचं युगान्त १९६७ मध्ये आलं आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांना त्यांनी देव न मानता हाडामांसाची माणसं मानून वाचलं.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचं निधन झालं. वय पासष्टही पुरं नव्हतं.

काय टिकलं, काय मागं पडलं

त्यांचं सगळंच आज जसंच्या तसं मान्य आहे, असं नाही. नाक आणि डोकं मोजून गट पाडायची जी पद्धत त्या जर्मनीत शिकल्या, ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. ती पद्धत आता मागं पडली. उंची आणि हाडं खाण्यापिण्यावर, आजारपणावर, कष्टावरही ठरतात. दुष्काळात वाढलेलं पोर आणि सुकाळात वाढलेलं पोर एकाच आईचं असूनही सारखं दिसत नाही. म्हणून नुसत्या मापांवरून वारसा ओळखणं धोक्याचं.

आता शास्त्रज्ञ थेट डीएनए वाचतात. डीएनए म्हणजे शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असलेली वारशाची लिखापढी. निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून. तिथं काय सापडलं?

पहिली गोष्ट. जगातली कुठलीही दोन माणसं घेतली तर त्यांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. इरावतीबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेतले शास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी दाखवलं की माणसामाणसांत जो थोडा जनुकीय फरक आहे, त्यातला साधारण ८५ टक्के फरक एकाच समाजाच्या आत असतो. म्हणजे शेजारच्या घरातल्या दोन माणसांतच तो बहुतेक सगळा सापडतो. कवट्यांनी जे सुचवलं होतं, त्याच दिशेचं हे उत्तर.

दुसरी गोष्ट. हैदराबादची सीसीएमबी ही संस्था आणि अमेरिकेतले संशोधक यांनी २०१३ मध्ये भारतीयांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले निरनिराळे समाज एकमेकांत मोठ्या प्रमाणात मिसळले. त्यानंतर हळूहळू गटाबाहेर लग्न करणं बंद होत गेलं. म्हणजे आज कुणी कितीही शुद्ध रक्ताचा दावा करो, पूर्वज सगळ्यांचेच मिसळलेले आहेत.

तिसरी गोष्ट. गटातल्या गटात लग्नं होत राहिल्यानं काही समाजांत विशिष्ट आजारांची जनुकं साठली. दक्षिणेतल्या वैश्य समाजात काही लोकांना ऑपरेशनच्या वेळी दिलेलं स्नायू सैल करणारं औषध लवकर उतरत नाही, कारण ते विरघळवणारा घटक त्यांच्या रक्तात कमी असतो. हे माहीत असलेला डॉक्टर आधीच विचारून घेतो आणि जीव वाचतो. समाजाचा वारसा तपासण्याचा खरा उपयोग हा. कोण वर, कोण खाली हे ठरवायला त्याचा उपयोग नाही.

मेंढीचं एक जनुक

फलटणच्या निंबकर घराण्यानं १९६८ मध्ये शेती संशोधन संस्था सुरू केली. इरावतीबाईंचे जावई बनबिहारी निंबकर तिचे संस्थापक. त्या संस्थेत इरावतीबाईंची नात डॉ. चंदा निंबकर यांनी मेंढ्यांच्या जनुकांवर काम केलं.

बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची बुटकी मेंढी आहे. तिच्यात फेक-बी नावाचं जनुक असतं. त्यामुळे ती जुळी, कधी तिळीही देते. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते, पण अंगानं मोठी आणि चालायला काटक. दोन्हींचा संकर करून, रक्त तपासून ज्यांच्यात ते जनुक उतरलं ते मेंढे निवडत निवडत सुवर्णा ही जात तयार झाली. लोणंद प्रकारच्या मेंढ्याही या कामात होत्या. चारा आणि निगा नीट असेल तर जुळ्यांमुळे मेंढपाळाच्या हातात दोन पैसे जास्त पडतात. निगा नसेल तर आईचं दूध पुरत नाही, हेही तितकंच खरं.

मेंढीला जुळी होण्यात एका जनुकाचा असा मोठा वाटा असतो, आणि रक्ताच्या एका तपासणीत तो कळतो. माणसाची हुशारी, कष्टाळूपणा, इमानदारी यांना असं एखादं जनुक नाही. शाळा, पोटभर जेवण, आईबापाचा वेळ, मिळालेली संधी अशा किती तरी गोष्टी त्यात असतात. आजीनं कवट्यांत शोधलं आणि नातीनं मेंढ्यांत. दोघींनी आधी मोजलं आणि मग बोलल्या.

तेव्हा यापुढे रक्ताचा आणि जातीचा एखादा मेसेज मोबाइलवर आला, तर पुढं पाठवण्याआधी एवढंच विचारा, हे मोजलं कुणी? किती माणसांचं? आणि उत्तर मनासारखं आलं नसतं, तर त्यानं ते छापलं असतं का? तेविशी-चोविशीतल्या इरावतीबाईंनी छापलं होतं.